शस्त्रक्रियेनंतरच्या स्वादुपिंडकार्याचे प्रतिमांकन

शस्त्रक्रियेनंतरच्या स्वादुपिंडकार्याचे प्रतिमांकन म्हणजे स्वादुपिंडाचा काही भाग काढल्यावर, किंवा त्याची वाहिनी नव्या मार्गाने आतड्याला जोडल्यावर, उरलेली ग्रंथी किती काम करते हे एमआरआय, सीटी स्कॅन, सोनोग्राफी इत्यादी साधनांनी अजमावण्याची वैद्यकीय पद्धती होय. उरलेली ग्रंथी पाचकरस तयार करते काय, तयार झालेला रस जोडातून आतड्यात निर्वेध उतरतो काय आणि ग्रंथीतील कार्यक्षम ऊती किती शिल्लक आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे या पद्धतीने शोधली जातात. रक्त व मल यांच्या तपासण्यांना ती पूरक आहे. त्यांची जागा ती घेत नाही.

मराठी विश्वकोशात या ग्रंथीसाठी ‘अग्निपिंड’ अशी संज्ञा आढळते. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे ‘स्वादुपिंड’ हा शब्द अधिक रूढ झाला असल्याने या लेखात तोच वापरला आहे.

ग्रंथी आणि तिची दोन कामे

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे पसरलेले असते. प्रौढ व्यक्तीत त्याची लांबी साधारण १५ ते २० सेंमी. असते. ग्रहणीच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) वेटोळ्यात बसलेले डोके, मधला भाग आणि प्लीहेपर्यंत पोहोचणारे शेपूट असे त्याचे भाग पाडतात. ग्रंथीच्या लांबीभर जाणारी मुख्य वाहिनी डोक्यातून बाहेर पडून, बहुधा पित्तवाहिनीसह, ग्रहणीत उघडते.

या ग्रंथीचे बहिःस्रावी काम पाचकरसाचे आहे. रोज एक लिटरहून अधिक रस ती आतड्यात सोडते. या रसाचे दोन घटक दोन निरनिराळ्या प्रकारच्या पेशींत तयार होतात. मेद, प्रथिने व पिष्ट पचविणारी विकरे (एन्झाइमे) गुच्छाकार पेशींत बनतात, तर पाणी व बायकार्बोनेट वाहिन्यांच्या अस्तरातील पेशींतून स्रवतात. प्रतिमांकनाच्या मर्यादा समजण्यासाठी हा भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. दुसरे काम अंतःस्रावी, म्हणजे इन्शुलिन, ग्लुकागॉन इत्यादी संप्रेरके थेट रक्तात सोडण्याचे असून ते लँगरहान्स द्वीपकांकडे असते. पॉल लँगरहान्स यांनी या पेशीसमूहांचे वर्णन १८६९ मध्ये केले. शेपटाच्या भागात द्वीपकांची दाटी अधिक असते. त्यामुळे ग्रंथीचा कोणता भाग काढला, यावर पुढे मधुमेह होण्याची शक्यता काही अंशी अवलंबून राहते.

बहिःस्रावी कामाची राखीव क्षमता मोठी असते. लायपेज या मेदपाचक विकराचा स्राव मूळच्या सुमारे दहा टक्क्यांपर्यंत घसरेपर्यंत मलातून चरबी जाण्याचे उघड लक्षण सहसा दिसत नाही. म्हणूनच ‘रुग्णाला जुलाब नाहीत, तेव्हा ग्रंथी ठीक आहे’ हा तर्क फसवा ठरतो.

शस्त्रक्रियांमुळे होणारा बदल

स्वादुपिंडाचे डोके, ग्रहणी, पित्ताशय व पित्तवाहिनीचा खालचा भाग एकत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेला व्हिपल शस्त्रक्रिया म्हणतात. जर्मनीत वाल्टर काउश यांनी अशी शस्त्रक्रिया १९०९ मध्ये केली होती. पुढे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे अ‍ॅलन व्हिपल यांनी आपल्या रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि शस्त्रक्रियेला त्यांचेच नाव चिकटले. ही शस्त्रक्रिया मुख्यतः डोक्याच्या व त्यालगतच्या भागातील कर्करोगासाठी करतात. ग्रंथीचा उरलेला भाग लहान आतड्याच्या पुढच्या वेटोळ्याला किंवा जठराला जोडला जातो. शेपटाकडील भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेत डोके व ग्रहणी शाबूत राहतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहात खडे व फुगलेली वाहिनी असल्यास वाहिनी लांबीभर उघडून ती आतड्याला जोडतात. फ्रे यांनी १९८७ मध्ये वर्णिलेल्या पद्धतीत डोक्याचा काही भाग आतून कोरूनही काढतात.

या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर कार्य बिघडण्याची कारणे वेगळी असतात. ऊतीच कमी उरली, हे पहिले कारण. जोड अरुंद होऊन रस मागे तुंबला आणि त्याच्या दाबाने चांगली ऊतीही हळूहळू सुकली, हे दुसरे. तिसरे कारण पुष्कळदा दुर्लक्षित राहते. ग्रहणी काढली गेल्याने अन्न आल्याची वर्दी देणारी संप्रेरके पूर्वीइतकी स्रवत नाहीत. शिवाय अन्न एका वेटोळ्यातून आणि पाचकरस दुसऱ्यातून येत असल्यामुळे त्यांची भेट उशिरा होते. अशा रुग्णाची ग्रंथी पुरेसा रस देत असली, तरी पचन अपुरे राहते.

सिक्रेटिन आणि एमआरसीपी

या विषयातील सर्वांत अभ्यासलेली तपासणी म्हणजे सिक्रेटिन-उत्तेजित एमआरसीपी. एमआरसीपी हा एमआरआयचाच एक प्रकार असून त्यात साचलेले द्रव पांढरेशुभ्र व आजूबाजूची ऊती काळपट दिसते. त्यामुळे पित्त व स्वादुपिंडाच्या वाहिन्या कोणतेही रंगद्रव्य न टोचता नकाशासारख्या उमटतात. ही पद्धत १९९१ च्या सुमारास पुढे आली. त्याआधी वाहिनी पाहण्यासाठी तोंडावाटे दुर्बीण घालून तिच्या मुखातून रंगद्रव्य सोडावे लागे आणि त्यातून स्वादुपिंडदाहाचा धोका संभवे. व्हिपल शस्त्रक्रियेनंतर तर वाहिनीचे मूळ मुखच उरत नाही आणि दुर्बिणीला जोडापर्यंत पोहोचणे अवघड होते. तेव्हा एमआरसीपीचे महत्त्व अशा रुग्णांत अधिकच आहे.

सिक्रेटिन या संप्रेरकाचा शोध १९०२ मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टारलिंग यांनी लावला. कुत्र्याच्या आतड्याच्या एका वेटोळ्याच्या सर्व नसा तोडूनही त्यात आम्ल सोडताच स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप नसांवाटे नव्हे, तर रक्तावाटे गेला, हे त्यावरून सिद्ध झाले. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा स्टारलिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणली, तिची पार्श्वभूमी हीच. नव्वद वर्षांनंतर तेच द्रव्य प्रतिमांकनाच्या कामी आले.

तपासणीपूर्वी रुग्णास काही तास उपाशी ठेवतात. जठरातील द्रव चित्रात पांढरे दिसून घोटाळा करू नये, म्हणून ते काळे दिसेल असे पेय आधी पाजतात. त्यासाठी अननसाचा रसही चालतो. त्यात मँगॅनीज असल्यामुळे तो या चित्रणात गडद उमटतो. मग शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ०.२ मायक्रोग्रॅम या प्रमाणात सिक्रेटिन शिरेतून सुमारे एक मिनिटात हळू देतात आणि पुढील दहा मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला एकेक प्रतिमा घेतात. निरोगी व्यक्तीत वाहिनी काही मिनिटांत किंचित फुगते आणि दहाव्या मिनिटाच्या सुमारास मूळ रुंदीवर येते. तेवढ्या वेळात ग्रहणीत द्रव भरत गेलेले दिसते. ते ग्रहणीच्या कोणत्या वळणापर्यंत पोहोचले, यावरून शून्य ते तीन अशी प्रतवारी करतात. शून्य म्हणजे द्रव मुळीच नाही. तीन म्हणजे खालच्या वळणापलीकडेही भरले.

व्हिपल शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला ही प्रतवारी जशीच्या तशी लावता येत नाही, कारण ग्रहणीच नसते. तेथे जोडाजवळच्या वेटोळ्यात द्रव वाढले का, हे पाहावे लागते. जोड जठराला असेल तर जठरातील मूळ द्रवापासून नवा रस वेगळा ओळखणे आणखी कठीण जाते. तरीही अर्थ लावण्याचे सूत्र सोपे आहे. सिक्रेटिननंतर वाहिनी फुगली व फुगलेलीच राहिली, पण आतड्यात द्रव उतरले नाही, तर ग्रंथी काम करते आहे आणि अडथळा जोडात आहे, असे समजतात. वाहिनीही फुगली नाही आणि आतड्यातही काही उतरले नाही, तर ग्रंथीच थकली असण्याची शक्यता अधिक. मात्र तंतुमय झालेल्या ग्रंथीत वाहिनीच्या भिंती ताठर होऊन फुगत नाहीत, हेही ध्यानी घ्यावे लागते.

हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. जोड अरुंद झाला असेल, तर तो दुर्बिणीद्वारे किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करून मोकळा करता येतो आणि उरलेली ग्रंथी वाचू शकते. ग्रंथीच थकली असेल, तर अशा खटाटोपाने काहीच साधत नाही. तेथे विकरांच्या कॅप्सूल हाच उपाय राहतो. दोन्ही रुग्णांची तक्रार मात्र एकच असते: वजन घटणे, पोट फुगणे, तेलकट मल.

चित्रात दिसते ते आणि न दिसणारे

सिक्रेटिन वाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना चेतवते; म्हणजे चित्रात जे भरताना दिसते ते पाणी व बायकार्बोनेट असते. विकरे एमआरआयमध्ये दिसत नाहीत. विकरे स्रवण्यास मुख्यतः कोलेसिस्टोकायनिन हे दुसरे संप्रेरक कारणीभूत होते. द्रवाचे आकारमान आणि विकरांचे प्रमाण बहुधा बरोबरीने कमी होतात, या अनुभवावर ही तपासणी उभी आहे. नेहमीच तसे घडते असे नाही. शिवाय अन्न व रस यांची भेट चुकल्याने होणारे अपचन तर या चित्रात येऊच शकत नाही. ‘एमआरसीपी चांगली आहे, मग औषध कशाला?’ हा रुग्णाचा प्रश्न म्हणूनच रास्त वाटला तरी त्याचे उत्तर ‘चित्र फक्त रसाचा ओघ सांगते, पचन सांगत नाही’ असे द्यावे लागते.

सिक्रेटिन महाग असून अनेक देशांत सहज मिळत नाही. या अडचणीतून जपानमध्ये औषधाविना करावयाची एक पद्धत विकसित झाली. वाहिनीच्या एका ठिकाणी सुमारे दोन सेंमी. रुंदीच्या पट्ट्यातील द्रवाचा संकेत एका चुंबकीय स्पंदाने पुसून टाकतात. पट्टा काळा होतो. वरून रस वाहत आला की त्या काळ्या पट्ट्यात पांढरी रेघ सरकताना दिसते. पाच मिनिटांत सुमारे वीस प्रतिमा घेऊन ती रेघ किती वेळा व किती दूर सरकली हे मोजतात. ग्रंथीचा नैसर्गिक, अनुत्तेजित प्रवाह यात दिसतो, हा तिचा विशेष. रस खंडित लहरींनी वाहत असल्याने नेमक्या त्या पाच मिनिटांत प्रवाह मंद असणे मात्र शक्य आहे.

ऊतीचे परीक्षण

वाहत्या रसाखेरीज ग्रंथीच्या ऊतीवरूनही अंदाज बांधता येतो. एमआरआयच्या टी-१ या प्रकारात निरोगी स्वादुपिंड पोटातील इतर घन अवयवांच्या तुलनेत उजळ दिसते, कारण त्याच्या पेशी विकरांच्या निर्मितीसाठी प्रथिनांनी भरलेल्या असतात. तंतुमयता वाढली की हा उजळपणा ओसरतो. ग्रंथीत चरबी किती साचली, हेही एमआरआयने टक्केवारीत मोजता येते.

सीटी स्कॅनमध्ये उरलेल्या ग्रंथीचे आकारमान प्रत्येक छेदावर कडा आखून घनसेंटिमीटरमध्ये काढतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या आकारमानाची तुलना केल्यास ग्रंथी सुकत चालली का, ते कळते. वाहिनी रुंद आणि तिच्याभोवतीची ऊती कागदासारखी पातळ असे चित्र असेल, तर बहिःस्रावी कार्य घटले असण्याची शक्यता मोठी असते. कर्करोगाच्या रुग्णांत रोग उलटला आहे का हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन ठरावीक अंतराने होतच असतो. त्याच चित्रांतून ही माहिती जादा खर्चाविना मिळू शकते. प्रत्यक्षात अहवालात गाठीविषयी लिहिले जाते आणि ग्रंथीच्या जाडीविषयी बहुधा लिहिले जात नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घेतलेल्या चित्रांवरून कार्याचा निष्कर्ष काढणे युक्त नाही. त्या काळात ग्रंथीला सूज असते, जोडाभोवती द्रव साचलेले असू शकते आणि पित्तमार्गात शिरलेली हवा व धातूच्या क्लिपा चित्रात काळे ठिपके उमटवतात. या टप्प्यावर प्रतिमांकनाचा उपयोग मुख्यतः गळती व पू शोधण्यासाठी होतो. गळतीची व्याख्या तर चित्रावर नव्हे, नळीतून येणाऱ्या द्रवावर आधारलेली आहे: तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर त्या द्रवातील अमायलेजचे प्रमाण रक्तातील सर्वसाधारण वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे हा तिचा आंतरराष्ट्रीय निकष. २०१६ मध्ये त्यात सुधारणा होऊन, रुग्णाच्या प्रकृतीवर परिणाम न करणाऱ्या गळतीला खरी गळती मानणे थांबले.

किरणोत्सारी द्रव्यांचा वापर

कार्य ‘पाहण्याचा’ प्रयत्न एमआरआयच्या आधीही झाला होता. १९६० च्या दशकात सेलेनियम-७५ जोडलेले मेथिओनिन हे अमिनो आम्ल शिरेतून देऊन ग्रंथीचे चित्र घेत. विकरे बनविण्यासाठी ग्रंथी अमिनो आम्ले ओढून घेते, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व बरोबर असले तरी यकृतही तेच द्रव्य ओढत असल्याने चित्रे अस्पष्ट येत. सेलेनियम-७५ चे अर्धायुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने किरणांची मात्राही जास्त पडे. सीटी स्कॅन आल्यावर ही पद्धत मागे पडली. अलीकडे इन्शुलिन निर्माण करणाऱ्या बीटा पेशींवरील ग्राहकांना चिकटणारे एक्सेंडिन हे द्रव्य वापरून पेट स्कॅनने या पेशींचे प्रमाण मोजण्याचे प्रयोग चालू आहेत. नित्याच्या उपचारांत ते अद्याप आलेले नाहीत. त्यामुळे अंतःस्रावी कार्यासाठी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी व सी-पेप्टाइड या रक्ततपासण्यांवरच भिस्त ठेवावी लागते. स्वादुपिंडाच्या आजाराने किंवा शस्त्रक्रियेने होणाऱ्या मधुमेहास ‘प्रकार ३-क’ म्हणतात. त्यात ग्लुकागॉनही कमी पडत असल्याने इन्शुलिन दिल्यावर साखर एकाएकी फार खाली जाण्याचा धोका असतो.

इतर तपासण्यांशी सांगड

मलातील इलास्टेज हे विकर आतड्यात फारसे मोडत नाही, म्हणून ते मोजून ग्रंथीच्या कार्याचा अंदाज घेतात. एक ग्रॅम मलात २०० मायक्रोग्रॅमहून कमी इलास्टेज असल्यास न्यूनतेचा संशय येतो. १०० हून कमी असल्यास न्यूनता तीव्र समजतात. कॅप्सूल चालू असतानाही ही तपासणी करता येते, कारण तीत केवळ मानवी इलास्टेज मोजले जाते. पातळ जुलाब होत असताना मात्र नमुना विरल होऊन आकडा खोटाच कमी येतो. तीन दिवसांचा मल साठवून त्यातील चरबी मोजणे ही जुनी व प्रमाण मानलेली तपासणी आहे. रोज १०० ग्रॅम मेद खाऊन दिवसाला सात ग्रॅमहून अधिक चरबी मलातून गेल्यास ती असाधारण. रुग्ण व प्रयोगशाळा दोघेही तिला नाखूष असतात, यात नवल नाही.

महाराष्ट्र आणि अहिल्यानगर जिल्हा

महाराष्ट्रात स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांचे सर्वांत परिचित केंद्र मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय होय. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मुंबई व पुणे येथील मोठ्या रुग्णालयांतही अशा शस्त्रक्रिया होतात. दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाचा, तरुण वयात खडे व मधुमेह घेऊन येणारा उष्णकटिबंधीय प्रकार भारतात प्रामुख्याने केरळात अभ्यासला गेला. महाराष्ट्रात मद्यपानाशी निगडित दाहाचे रुग्णही आढळतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौ. किमी. आहे. पश्चिमेस सह्याद्रीतील अकोले आणि आग्नेयेस जामखेड अशी त्याची टोके. जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षणाचे जुने केंद्र राहाता तालुक्यातील लोणी येथे आहे. तेथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय १९७६ मध्ये आणि ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये सुरू झाले. २००३ मध्ये संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अहिल्यानगर शहराजवळ विळद घाट येथेही वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे, तर शिर्डीस श्री साईबाबा संस्थानाची रुग्णालये आहेत.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईस गेलेला रुग्ण काही आठवड्यांत गावी परततो आणि पुढची देखरेख गावाजवळच्या डॉक्टरांकडे येते. वजन घटण्याची सुरुवात पुष्कळदा त्यानंतरच होते. अशा वेळी घरात ‘ऑपरेशन झाले आहे, अशक्तपणा राहणारच’ असे म्हटले जाते आणि तेल-तूप बंद केले जाते. सध्याचे मार्गदर्शन याच्या उलट आहे. मेद सरसकट तोडू नये. मुख्य जेवणाबरोबर लायपेजची साधारण २५,००० ते ५०,००० एकके असलेली कॅप्सूल, जेवणाआधी किंवा नंतर नव्हे तर घासांबरोबर घ्यावी. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवितात. रुग्णाच्या धर्माचा वा आहाराचा प्रश्न येऊ शकत असल्याने हे आधी सांगणे योग्य. न सांगितल्यास पुढे कळल्यावर औषध अर्धवट सोडले जाण्याची भीती असते. अ, ड, ई व के ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वेही तपासावी लागतात.

साधी एमआरसीपी व सीटी स्कॅन ही साधने महानगरांपुरती मर्यादित नाहीत. सिक्रेटिन नसले तरी साध्या एमआरसीपीत वाहिनीची रुंदी, जोडाचा आकार आणि ग्रंथीची जाडी दिसते. वाहिनी आधीच्या चित्रापेक्षा रुंद झाली असेल तर जोड अरुंद झाल्याची शंका तेवढ्यावरही घेता येते. त्यासाठी आधीचे चित्र हाती असावे लागते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या तपासण्यांच्या फिल्म किंवा सीडी, तसेच ग्रंथी आतड्याला जोडली की जठराला हे नमूद असलेला शस्त्रक्रियेचा तपशील, रुग्णाने घरी जपून ठेवणे व प्रत्येक तपासणीस सोबत नेणे आवश्यक असते. हा तपशील नसेल, तर अहवाल लिहिणाऱ्या तज्ज्ञास जोड नेमका कोठे शोधावा हेच ठाऊक नसते.

मर्यादा व दक्षता

हृदयात पेसमेकर किंवा शरीरात विशिष्ट धातूची उपकरणे असल्यास एमआरआय करण्यापूर्वी तसे सांगणे अनिवार्य आहे. सीटी स्कॅनसाठी दिलेले आयोडीनयुक्त रंगद्रव्य मूत्रपिंड दुर्बल असलेल्यांना अपायकारक ठरू शकते. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांनी ते डॉक्टरांस आधी कळवावे. सिक्रेटिनमुळे क्वचित मळमळ, चेहरा लाल होणे किंवा पोटदुखी होते. तीव्र स्वादुपिंडदाह चालू असताना ते देत नाहीत. प्रतिमेतील द्रवाची प्रतवारी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते आणि दोन तज्ज्ञांच्या अहवालात एखाद्या पायरीचा फरक पडू शकतो. त्यामुळे तपासण्या शक्यतो एकाच केंद्रात, त्याच यंत्रावर, ठरावीक अंतराने करून त्यांची परस्परांशी तुलना केली जाते.